माळावरचं कुलूपबंद दार

कंपनीचा माणूस पहिल्यांदा दारात आला तेव्हा त्याच्या डोक्यावर भरगच्च काळे केस होते आणि कडीकाकांनी दार उघडेपर्यंत त्यातले निम्मे पांढरे झाले, असं काकू शेजारणींना सांगत. यात अतिशयोक्ती होती, पण फार नव्हती. आधी दाराच्या भोकाला एक डोळा लागला. मग आतून "कोण?" झालं, "कशाला?" झालं, "एकटेच आहात का?" झालं. मग वरची कडी, खालची कडी, साखळी, अडसर आणि दोन कुलपं. त्यातल्या एकाची किल्ली नेहमीप्रमाणे सापडेना. तोवर त्या बिचाऱ्याने पायरीवर बसून बाटलीतलं पाणी संपवलं, घरी फोन करून सगळ्यांची ख्यालीखुशाली विचारली आणि एक छोटीशी डुलकीही काढली.

"काका, आत खजिना वगैरे आहे की काय?" शेवटी आत आल्यावर त्याने विचारलं.

"छे हो!" काकू म्हणाल्या. "आत यांची भीती राहते. घर तिचंच आहे. आम्ही दोघं भाडेकरू."

कडीकाका हे गावातले एकुलते एक कुलूपवाले. गिऱ्हाईक एक कुलूप मागायला आलं, की काका त्याला चोरांच्या अशा काही हकिकती सांगत की ते तीन घेऊन जाई. त्याच हकिकती ऐकून काका स्वतःही घाबरत आणि संध्याकाळी घराला आणखी एक कडी ठोकत. त्यावरूनच ते नाव पडलं. पण हल्ली त्यांची बोटं बधिर झाली होती. पूर्वी तार आत घातली की कुलूप आपण होऊन सगळं सांगायचं. आता एका बाईंच्या कपाटाशी त्यांनी अख्खी सकाळ झटापट केली आणि शेवटी त्या बाईंनीच हातोडी आणली. त्या दिवशी काका जेवले नाहीत. दुकान बंद करायची वेळ आली होती आणि बंद करून खायचं काय, ते कळत नव्हतं.

अशात हा माणूस आला. त्याला काकांचा माळ हवा होता. गावाबाहेरची ती दगडाळ जमीन अशी की तिथं गवतसुद्धा नाइलाजाने उगवे. कंपनी तिथं सोलर पार्क करणार होती. उन्हाच्या काचा मांडायच्या, वीज करायची आणि मालकाला दर वर्षी भाडं द्यायचं. करार पंचवीस वर्षांचा.

"पंचवीस वर्षं आम्ही असू का?" काकूंनी विचारलं.

"तुमचं सांगता येत नाही काकू, पण भाडं असेल," माणूस म्हणाला. मग जाता जाता त्याने सहज विचारलं, "जमिनीत जुनी विहीर, खड्डा, असलं काही नाही ना? आमचे साहेब त्या बाबतीत फार कडक. असं काही निघालं की सरळ शेजारचा माळ बघतात."

"छे," काका म्हणाले. "दगड आहेत नुसते."

आणि तो बाहेर पडताच त्यांनी सगळ्या कड्या लावून घेतल्या.

विहीर होती. काकांच्या चुलत्यांनी ती खणली होती. पाणी लागेना म्हणून आणखी खणली, तरी लागेना, आणि मग हट्टाने आणखी. तिला कठडा नव्हता. लहानपणी काकांनी पोटावर झोपून तिच्यात एक दगड टाकला होता आणि आवाजाची वाट बघत ते इतका वेळ पडून राहिले की शेवटी रडतच घरी आले. पुढे जमीन त्यांच्याकडे आली तेव्हा त्यांनी दुकानाचं जुनं पत्रा मारलेलं लाकडी दार विहिरीवर आडवं टाकलं. दार म्हटल्यावर कुलूप आलंच. कातळात कोयंडा ठोकून त्यांनी कुलूप लावलं, वर माती पसरली आणि पुन्हा तिकडे पाऊल टाकलं नाही. खूण म्हणून शेजारी एक झाड होतं. ते कुणीतरी मुळासकट नेलं. आता विहीर कुठं होती ते काकांनाही ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं मातीखाली राहिलेल्या लाकडाचं काय होतं, ते मात्र ठाऊक होतं.

दुसऱ्याच आठवड्यात मोजणीवाली बाई आली. बाई कसली, पोरच. डोक्यावर मोठी टोपी, खांद्यावर तीन पायांचं यंत्र, आणि चालणं असं की पाय कुठं पडतोय याची तिला काडीची पर्वा नाही. काका रोज तिच्याआधी माळावर हजर. ती निघाली की हे काठी आपटत तिच्यापुढे.

"काका, तुम्ही सारखे माझ्यापुढे का चालता?"

"साप असतात इथं."

"मी नाही घाबरत सापाला."

"मी घाबरतो ना!"

"मग मागे चाला की!"

तरी काका पुढेच. तेव्हा तिने त्यांच्यासाठी घडीची खुर्ची आणली. अख्ख्या माळावर एकच जागा सपाट आणि मऊ होती, तिथं ती मांडली आणि म्हणाली, "इथं बसा निवांत. तुम्ही पडलात तर काकूंना काय सांगू?" काका बसत. तिचा पाय उचलला जाई तेव्हा यांचा श्वास वर, टेकला की खाली. अशी दिवसभर त्यांची छाती तिच्याबरोबर माळ मोजत असे. घरी आल्यावर घास उतरत नसे.

"अहो, आपल्या लग्नातसुद्धा तुम्ही इतके पांढरे पडला नव्हतात," काकू म्हणत.

मग मशीन आलं. खांबांसाठी भोकं पाडून बघायची होती. रणगाड्यासारखे पट्टे असलेलं ते धूड गुरगुरत माळावर चढलं. वर एक गोलमटोल ड्रायव्हर गाणं गुणगुणत बसला होता. मोजणीवाली त्याला वाट दाखवत होती. दोन्ही हात हलवत, "ये, ये, येऊ दे," करत ती चक्क उलटी चालत होती. तिच्या टाचा आंधळ्यासारख्या मागे मागे पडत होत्या.

काकांच्या तोंडातली जीभ लाकडाची झाली. बोललो तर माळ गेला, भाडं गेलं, आणि ही बधिर बोटं घेऊन पुन्हा दुकानात बसायचं. न बोललो तर… ती अजून एक पाऊल मागे आली.

"थांबा!" काका किंचाळले. "विहीर आहे!"

ड्रायव्हरने मशीन बंद केलं.

"कुठं?" ती ओरडली.

"माहीत नाही!"

माळावर अशी शांतता पसरली की इंजिन गार होताना टिकटिकतंय तेही ऐकू यावं. पोरीचा एक पाय हवेतच होता.

"काका, हा खाली ठेवू का?"

"आधी होता तिथंच ठेव. तिथंच, बाळा!"

"म्हणजे मी आत्ता विहिरीवर असू शकतो?" ड्रायव्हरने एकदम बारीक आवाजात विचारलं.

"असू शकता."

"मला दोन मुली आहेत हो," ड्रायव्हर म्हणाला आणि आपलं वजन कमी व्हावं म्हणून त्याने पोट आत ओढून घेतलं.

कंपनीचा माणूस गाडी घेऊन धावत आला, पण माळाच्या कडेलाच उभा राहून म्हणाला, "मी इथूनच बोलतो." त्याने माणसं बोलावली. ती लांब सळया जमिनीत खुपसत पुढे सरकू लागली. खण, खण, दगड. आधी मोजणीवाली बाहेर आली, मग ड्रायव्हर, मशीन तिथंच सोडून. काका मात्र खुर्चीत खिळून बसले होते. सळईवाला सगळा माळ टोचून शेवटी त्यांच्यापाशी आला.

"काका, जरा उठता का?"

ते उठले. त्याने खुर्चीच्या दोन पायांमध्ये सळई टेकवली. ती खणकली नाही. आवाज न करता नुसती आत गेली आणि जातच राहिली.

कुणी हसलं नाही. दोघांनी काकांना दंडाला धरून अलगद मागे घेतलं. लांबून माती ओढली तेव्हा गंजून चाळण झालेला पत्रा दिसला आणि कडेला, कोयंड्यात, कुलूप. सगळ्यांनी काकांकडे पाहिलं. त्यांनी खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला, पण बधिर बोटांतून तो निसटून खाली पडला. कुलूप कापावं लागलं. दार उचललं तर त्याच्या फळ्यांचा भुगा झालेला. एकच फळी धड होती. तिच्यावर इतके दिवस काका निवांत बसले होते. कुणीतरी दगड टाकला. सगळे कान देऊन उभे राहिले. आता आवाज येत नाही असं वाटून माणसं हलायला लागली, तेव्हा तो आला.

मोजणीवालीने काकांचा हात घट्ट धरला होता.

"मला तरी सांगायचं होतंत," घरी काकू एवढंच म्हणाल्या आणि त्यांनी त्या दिवशी दाराच्या सगळ्या कड्या स्वतः लावल्या.

साहेबांना शेजारचा माळ मिळाला नाही, म्हणून करार याच माळाचा झाला. विहिरीभोवतालचा तुकडा वगळला, तेवढं भाडं कमी झालं. दुकान बंद झालं. त्या तुकड्याला कंपनीने जाळी मारली, फाटक बसवलं आणि कुलूप घातलं. कुलूप त्यांनी बाहेरगावाहून मागवलं.