पिवळ्या घंटीचा काढा

मी जन्मभर वॉर्डात सिस्टर म्हणून काम केलं. रिटायर झाले तेव्हा वाटलं, चला, माणसांच्या मूर्खपणाचे किस्से आता संपले. तसं काही होत नाही. दवाखान्यात माणूस निदान आडवा पडल्यावर तरी आपलं चुकलं म्हणतो. जुळे सोलापुरातल्या आमच्या कॉलनीच्या बागेत मात्र धडधाकट माणसं सकाळी चालून येतात, बाकावर टेकतात आणि किस्सा आपोआप तयार होतो. मी फक्त हजर राहायचं.

बाकावर आम्ही चौघं. पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले इंजिनिअर चव्हाणसाहेब, तेच बागेच्या कमिटीचे अध्यक्ष. चादरीच्या कारखान्यात आयुष्य घालवलेले गड्डम मामा. अक्कलकोटकडच्या बिराजदार काकू. आणि मी, जिला अजून सगळे सिस्टरच म्हणतात.

* * *

बाग करायची ठरली तेव्हा काकू म्हणाल्या होत्या, कडुलिंब लावा, चिंच लावा. साहेबांनी नाक मुरडलं. लिंबाचा कचरा होतो, चिंचेवर पोरं चढतात. ते नर्सरीतून पिवळ्या घंटीसारख्या फुलांची रोपं घेऊन आले. नर्सरीवाला त्याला टेकोमा म्हणायचा. हायवेच्या दुभाजकात असतं तेच. परदेशी जात आहे, पाणी लागत नाही, बारा महिने फुलतं, असं साहेबांनी आम्हाला लेक्चर दिलं.

फुललं, यात शंका नाही. मे महिन्यात सगळं सोलापूर करपून निघतं आणि हे आपलं लग्नातल्या करवलीसारखं नटून उभं. पण त्याला लांब शेंगा येतात. त्या वाळून तडकल्या की आतलं पापुद्र्यासारखं बी वाऱ्यावर निघतं. मग ते गटारीत उगवलं, पाण्याच्या टाकीखाली उगवलं, कंपाउंडच्या भिंतीला चीर पाडून उगवलं. मागच्या माळावर धनगरांची मेंढरं चरायची, तिथं गवताच्या जागी पिवळं रान झालं. शेवटी एक रोप काकूंच्या तुळशीवृंदावनात आलं. काकूंनी ते उपटलं आणि नेमकं साहेबांनी पाहिलं. निसर्गाच्या कामात हात घालू नये, असं ते काकूंच्याच अंगणात उभं राहून काकूंना सांगायला लागले.

काकू हातातली माती झटकत म्हणाल्या, "साहेब, पाव्हना म्हनून च्या पाजला. आता त्यो देवघरात हातरून घाला म्हनतोय. साकु री."

साकु म्हणजे कानडीत पुरे. साहेबांना तेवढं कानडी येत होतं.

* * *

पुढं साहेबांना वाटलं, झाडाला भारदस्त नाव पाहिजे. टेकोमा हे नाव त्यांना टूथपेस्टसारखं वाटायचं. त्यांनी पेंटरकडून पत्र्याची पाटी करून घेतली आणि झाडापुढं ठोकली: 'स्वर्णघंटिका. प्राचीन आयुर्वेदातील दुर्मिळ वनस्पती.'

माझी भाची बॉटनी शिकवते. ती सुट्टीला आली होती, तिनं पाटी वाचली आणि हसत सुटली. तिनं सांगितलं, हे झाड मूळचं मेक्सिकोकडचं, आपल्याकडं इंग्रज साहेबलोकांनी बंगल्याच्या शोभेला आणलं. आणि दुर्मिळ म्हणावं तर एकट्या आमच्या गटारीतच त्याची पन्नासेक रोपं होती. मी दुसऱ्या दिवशी बाकावर हे सगळं सांगितलं. आपल्या ऋषींनी मेक्सिकोतलं झाड कुठं पाहिलं असेल, असंही विचारलं.

साहेब बुटाची नाडी बांधत होते. त्यांनी मान वर न करता सांगितलं की ऋषी फिरायचे खूप.

* * *

मग एक व्हिडिओ आला. कपाळाला गंध लावलेला कुणी एक माणूस त्या झाडाखाली उभा राहून सांगतोय की याच्या पानांचा काढा घेतला की शुगर मुळापासून जाते, गोळ्या नाल्यात फेका.

मी भाचीला फोन लावला. ती म्हणाली, अगदीच खोटं नाही मावशी. तिकडं मेक्सिकोत जुन्या बायका शुगरला, पोटाला हा पाला देत आल्यात. पण किती द्यायचा, कुणाला द्यायचा, कुणाला द्यायचा नाही, हे त्यांचं त्यांना माहीत. आणि गोळ्या फेका असं त्यांतलं कुणी म्हणत नाही.

हे मी साहेबांना सांगितलं. त्यांनी त्यातलं 'खोटं नाही' एवढंच ऐकलं. त्या दिवसापासून ते बाकावर वैद्य होऊन बसले. शुगर झाली, मुतखडा झाला, गुडघा झाला. मग काविळीचा नंबर लागला. मी कारण विचारलं तर म्हणाले, फूल पिवळं आहे ना. मी म्हटलं, मग लाल जास्वंद कशाला? रक्ताला. आणि कोळसा? साहेबांनी क्षणभरही विचार केला नाही. म्हणाले, केसांना. आणि आपल्या तुळतुळीत डोक्यावरून हात फिरवला.

* * *

त्याच सुमाराला काकू एक दिवस सहज बोलून गेल्या की बागेच्या जागेवर आधी तरवडाची झुडपं होती, ती यापेक्षा बरी होती. तरवड म्हणजे आपल्या माळरानावरचं पिवळ्या फुलांचं झुडूप. काकूंच्या सासूबाई लघवीत साखर जाणाऱ्या माणसाला त्याचीच फुलं द्यायच्या. गावात सगळेच द्यायचे. बाग करताना साहेबांनी जेसीबी बोलावून ती झुडपं मुळासकट काढली होती आणि वर जागा स्वच्छ केली म्हणून नारळ फोडला होता.

आता साहेब काय बोलतात म्हणून आम्ही तिघंही त्यांच्याकडं बघत राहिलो. साहेबांनी मोबाइल काढला आणि काकूंना विचारलं, "त्याचा व्हिडिओ कुठाय?"

* * *

आम्ही बाकीच्यांनी हे हसण्यावारी नेलं. गड्डम मामांनी नाही.

मामा म्हणजे देवमाणूस. घरात तेलुगू, बाहेर मराठी, आणि दोन्हीत आवाज एकदम बारीक. चाळीस वर्षं मागाच्या खडखडाटात राहिलेल्या माणसाला ओरडायची सवय लागते, यांचं उलट झालं. शुगर जुनी. पायाच्या अंगठ्याला एकदा जखम होऊन महिनोन्महिने भरली नव्हती, ती मीच ड्रेसिंग करून भरत आणली होती. मामांचा एकच दोष, शिकलेल्या माणसावर त्यांचा फार विश्वास. साहेब म्हणजे धरणावर काम केलेला माणूस, तो खोटं कशाला सांगेल?

मामांनी गोळ्या बंद केल्या. मामी पहाटे उठून पाला उकळायच्या. काढा असा कडू की मामा तो पिऊन नंतर चहाच घेईनात. सकाळचे तीन कप गोड चहा गेले, रात्रीचा भात साहेबांनी बंद करायला लावला, तेव्हा सुरुवातीला साखर थोडी उतरली. माझ्याच मशीनवर उतरलेली दिसली. साहेबांनी ते मशीन सगळ्या बागेत फिरवून दाखवलं, जणू त्यांचाच रिझल्ट लागला होता.

मी मामांना घरी जाऊन समजावलं. चहा सोडल्यामुळं उतरली, पाल्यामुळं नाही. गोळ्या सुरू करा, नाहीतर पाय घालवून बसाल. मामी दारात उभ्या राहून ऐकत होत्या. मामा सगळं ऐकून घेऊन हळूच म्हणाले, "सिस्टर, तुमच्या गोळीला कधी फूल आलंय का?"

मी त्या माणसाच्या पायाची बोटं तपासली आणि घरी आले. रागानं मला दुपारी जेवण गेलं नाही.

* * *

कॉलनीत काढ्याची साथ आली. रोज सकाळी पिशव्या घेऊन माणसं झाडाला लटकायला लागली. जे झाड काकूंना उपटून संपत नव्हतं, ज्याच्यावर मी दोनदा उकळतं पाणी ओतलं होतं, ते पहिल्यांदा दमलं. बागेतले सगळे टेकोमे पार बोडके झाले. गटारीतले, टाकीखालचे संपले. माळावरचं रान दूर पडायचं, तिथं कुणी जाईना, कारण तिथं मॉर्निंग वॉकचे बूट खराब होतात.

साहेबांनी यावर इंजिनिअरी तोडगा काढला. त्यांचा धाकटा भाऊ मोडनिंबजवळ शेती करतो. त्याला फोन केला की पिवळ्या घंटीच्या फुलांचं झाड असतं बघ, त्याचा पाला पोतंभर पाठव. भावानं एसटीनं पोतं पाठवलं. पाला येईपर्यंत सुकून चुरगळला होता. साहेबांनी त्यातली पहिली पिशवी प्रेमानं गड्डम मामांना दिली आणि बाकीचं पोतं स्वतःच्या घरी ठेवलं.

मी तेव्हा लेकीकडं पुण्याला गेले होते. आले त्या सकाळी मामा बाकावर नव्हते. काकू म्हणाल्या, त्यांना उलट्या व्हायला लागल्यात, मामी म्हणतात पित्त हाय. मी तशीच मामांच्या घरी गेले. मामा पलंगावर भिंतीला टेकून बसले होते, चेहरा राखेसारखा. मला बघून हसायचा प्रयत्न केला. मी नाडी धरली. नाडी इतकी सावकाश की पुढचा ठोका येतो की नाही म्हणून वाट बघावी लागत होती. मध्येच एखादा चुकत होता.

मी मामींना पाला दाखवा म्हटलं. त्यांनी पिशवी आणली. टेकोम्याचं पान करवतीसारख्या कडेचं असतं, एका देठावर अनेक. ही पानं साधी, लांब आणि निमुळती होती. सोलापूर जिल्ह्यात देवळामागं वाढलेलं कुठलंही पोर ती ओळखेल. बिट्टी होती ती. पिवळी कण्हेर म्हणतात ती. फूल तिचंही पिवळं, घंटीसारखं. गुरंसुद्धा तिला तोंड लावत नाहीत, कारण ती सरळ काळजाला धरते.

मामींना मी काही सांगितलं नाही. ती पिशवी घेतली, मामांना रिक्षात घातलं आणि वाटभर त्यांचं मनगट सोडलं नाही. मामा माझ्या खांद्यावर डोकं ठेवून तेलुगूत काहीतरी पुटपुटत होते. मामी त्यांना गप्प करत होत्या. नंतर कळलं, ते मामींना सांगत होते की आजचा काढा उरलाय, उद्या नवीन करू नको.

* * *

डॉक्टरांनी पानं बघितल्याबरोबर धावपळ सुरू केली. मामांना आयसीयूत घेतलं, छातीला वायरी लावल्या. मी बाहेरच्या बाकावर मामींचा हात धरून बसले. आतल्या मशीनचा टुकटुक आवाज मला आयुष्यभराचा पाठ आहे. त्या दिवशी मी तो मोजायची नाही असं ठरवलं, आणि मोजत राहिले.

साहेब आले. त्यांचा चेहरा पडला होता, पण चूक कुणाची हे आधी ठरवावं म्हणून त्यांनी आमच्यासमोर भावाला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. त्यांनी तोंड उघडायच्या आतच भाऊ बोलायला लागला.

"दादा, पावला का पाला? लई जालीम हाय. मेली का वाळवी?"

कॉलनीत वाळवी झाली असेल, दुसरं कशाला मागवेल हा माणूस बिट्टी, असं त्या बिचाऱ्याला वाटलं होतं. साहेबांनी फोन बंद केला. मामींनी माझ्या हातातून आपला हात काढून घेतला आणि पदर तोंडाला लावला.

* * *

तिसऱ्या दिवशी मामांची नाडी ताळ्यावर आली. त्यांना वॉर्डात हलवलं. अशक्तपणा होता, डोळे मिटून पडलेले असायचे, पण धोका टळला होता. संध्याकाळी काकू आणि मी तिथंच होतो. साहेब शहाळं घेऊन आले आणि आल्या आल्या मामांच्या उशाशी बसून सांगायला लागले की पाला बदलला म्हणून गडबड झाली, मूळ औषधात दोष नाही, आपण सगळेच इतके दिवस घेतोय की.

तेवढ्यात राउंडला आलेल्या डॉक्टर बाईंनी ते ऐकलं. त्यांनी विचारलं, त्या पोत्यातला पाला तुम्हीही घेतलात का? साहेब मामींकडं बघून म्हणाले, अर्थात, रोज घेतो.

डॉक्टर बाई गंभीर झाल्या. म्हणाल्या, मग तुम्हाला असंच घरी सोडता येणार नाही. ईसीजी काढावा लागेल, आज इथंच राहावं लागेल. साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी इतकी वर्षं पेशंटला धीर देण्याचं काम केलंय, पण त्या दिवशी मला ती सवय आठवली नाही. मी अगदी शांतपणे सांगितलं की घाबरू नका साहेब, नाकातून एक रबरी नळी पोटापर्यंत घालतात, सगळं बाहेर काढतात, मग काळं औषध आत सोडतात. पेशंट ओकतो थोडा. जाग्यावर दोघं तिघं धरतात.

साहेब उठून उभे राहिले. त्यांनी रुमालानं डोकं पुसलं. वॉर्डातले शेजारचे पेशंटसुद्धा ऐकायला लागले होते.

"अहो डॉक्टर, मी घेतच नाही ते," साहेब म्हणाले. "एक दिवससुद्धा घेतलं नाही. मला कडू चालत नाही. माझी शुगरची गोळी चालूच आहे."

काकू खिडकीबाहेर बघायला लागल्या. मामी शहाळ्याकडं बघत होत्या. डॉक्टर बाईंनी पेन खिशात ठेवलं आणि पुढच्या कॉटकडं वळल्या.

तेव्हा गड्डम मामा डोळे न उघडता, नेहमीच्याच बारीक आवाजात म्हणाले, "सिस्टर, तरीपण नळी घाला."