आतून धुतलेलं इंजिन

"मिस्त्री, लाल दिवा लागलाय. तेलाचा. लागतोय आणि जातोय."

सकाळचे आठ. शिवाजी पेठेतल्या माझ्या गॅरेजचं शटर अजून अर्धंच उघडलं होतं. फोनवर तानाजीराव होते, आजऱ्याकडचे, काजूच्या कारखान्यात सुपरवायझर. त्यांच्या मंडळींना, सुनंदावहिनींना, आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी कोल्हापूरला आणावं लागतं. त्यासाठीच तीन महिन्यांपूर्वी त्यांनी जुनी डिझेल गाडी घेतली होती. ती पास केली होती मी.

"कुठं हाय गाडी?"

"उत्तूरच्या अलीकडं. कडंला घेतलिया."

"इंजिन चालू का बंद?"

"चालूच हाय."

"बंद करा आधी!"

"आणि परत चालू न्हाई झालं म्हंजे? अकराला हिला मशीनवर घेत्यात. सावकाश येतो की, तीसच्या स्पीडनं."

माझं डोकंच सटकलं. लोकांना वाटतं, तेलाचा दिवा म्हणजे तेल घाला एवढंच. तसं नाही. इंजिनात लोखंडावर लोखंड घासू नये म्हणून मध्ये तेलाचा पातळ थर लागतो. पंप ते तेल दाबानं सगळीकडं पोचवतो. लाल दिवा सांगतो की दाब गेला. त्यावर इंजिन चालवलं तर ते आतून खरवडतं, तापतं आणि जाम होतं. आम्ही त्याला सीझ म्हणतो. कोल्हापूर अजून साठ किलोमीटर लांब होतं.

"अहो, तीसचं स्पीड काय घेऊन बसलाय? उभ्या गाडीचं वाटोळं होतंय तिथं! किल्ली फिरवा!"

"पर मिस्त्री, हिचा आजचा वार..."

आम्ही दोघं एकमेकांवर ओरडत होतो आणि तेवढ्यात फोनमधला इंजिनाचा आवाज थांबला. मग वहिनींचा आवाज आला. "भाऊ, किल्ली काढली मी. आता बोला."

"वहिनी, येईल ती एसटी धरा. निपाणीला बदला."

"धरते. पर ह्यांच्यावर तापू नका. मागं एकदा बस चुकली, माजा वार हुकला. रातभर धाप लागलेली. तवापास्नं घाबरल्यात."

वेळेवर पोचल्या तर ठीक, नाहीतर काय, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

गाडी मी डोळे झाकून पास केली नव्हती. मीटरवर दोन लाख चाळीस हजार किलोमीटर होते. विकणारा गाडी घेऊन आला तेव्हा मी पहिल्यांदा बॉनेटवर तळहात ठेवला. गरम. गरम इंजिन गोडच बोलतं, खोड कळते ती थंड असताना. "उद्या या, आणि इथं आल्यावर दोन तास उभी राहील," म्हटलं. दुसऱ्या दिवशी थंड इंजिन अर्ध्या सेल्फमध्ये उठलं. चालू इंजिनाचं तेलाचं झाकण काढलं तर धुराचा भपकारा नव्हता. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन सारखं. फक्त झाकणाच्या आतल्या बाजूला काळ्या गाळाचा जाड थर होता. तेल वेळेवर बदललेलं नव्हतं.

तानाजीरावांना मी एवढंच म्हणालो, "इंजिन बेस हाय. आतनं काळं हाय, पर त्याला हात लावू नका. दर तीन हजार किलोमीटरला तेल, फिल्टर बदला. बास."

आता फोनवर विचारलं, "परवा खंडेनवमीला काय केलं गाडीला?"

"पूजा केली."

"आणि?"

"तुम्हीच म्हणलासा की आतनं काळं हाय. मग पूजेला तशीच कशी ठेवायची? गावातल्या गॅरेजात आदल्या दिवशी डिझेल घालून आतनं धुऊन घेतली. नवं तेल घातलं. लई स्वच्छ निघाली!"

मी कपाळावर हात मारला. वर्षानुवर्षं चिकटलेला गाळ डिझेलनं सुटला होता, पण सगळा बाहेर आला नव्हता. उरलेला खाली चेंबरमध्ये, म्हणजे तेलाच्या टाकीत, उतरला होता. तिथं पंपाच्या तोंडाला एक जाळी असते. गावातल्या गावात फिरताना काही कळलं नाही. आजच्या पहिल्या लांब पल्ल्याला ती तुंबली आणि पंपाला तेल मिळेना.

टेम्पोला टोचन लावून गाडी ओढत गॅरेजात यायला दुपारचे तीन वाजले. गाडीपाशी थांबलेल्या तानाजीरावांना पावणेबाराला वहिनींचा फोन येऊन गेला होता, "घेतलं बाई मशीनवर." ते ऐकल्यावर तानाजीराव रस्त्याकडेच्या दगडावर बसून रडले, असं टेम्पोवाल्यानं सांगितलं.

चेंबर खोललं. जाळी निघाली ती काळ्या डांबरासारखी लिंपलेली. एक सुई जाईल एवढी जागा नाही. पण खरी भीती पुढं होती. बेरिंग. क्रँकला, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या मुख्य दांड्याला, धरून ठेवणाऱ्या त्या पातळ पट्ट्या खरवडल्या असतील तर इंजिन पुरतं उतरवावं लागणार होतं. वहिनींचा पुढचा वार तीन दिवसांवर होता.

पहिलं काढलं. अंगठा फिरवला. गुळगुळीत. दुसरं, तिसरं, तशीच. तानाजीराव माझ्या तोंडाकडं बघत होते. मागं रिक्षा थांबली. वहिनी उतरल्या, दंडाला पट्टी, चेहरा उतरलेला.

चौथ्यावर अंगठा अडला. ते उजेडात नेलं. बारीक ओरखडे होते, पण थराखालचं तांबं दिसत नव्हतं, म्हणजे झीज वरवरचीच होती. क्रँकवर बोट फिरवलं. तो साफ होता.

"वाचलं," मी म्हणालो. "बेरिंग नवी, जाळी नवी. परवा गाडी न्या."

"आणि मी तशीच आणली असती तर?" तानाजीरावांनी हळूच विचारलं.

उत्तर वहिनींनी दिलं. "तर आज येळंवर पोचलो असतो की कदाचित. आणि पुढच्या वारी?"

चूक त्यांची होती, तशी माझीही. 'हात लावू नका' म्हणालो, का ते सांगितलं नाही. सणाच्या आदल्या दिवशी काळं म्हटलेलं कोण तसंच ठेवील?

ती तुंबलेली जाळी मी धुतली नाही. भिंतीला खिळ्यावर टांगली आहे. जुनी गाडी पास केली की आता मालकाला ती हातात देतो आणि सगळं सांगतो. नवराबायको जोडीनं आले असतील, तर आधी बाईंच्या हातात देतो.