लोखंडाची आठवण

सेनाइदा कियालाच्या अंगणात एदिल्बेर्तो मोटरसायकल ढकलत आला, तेव्हा त्याचा शर्ट पिळला असता तर अर्धी बादली भरली असती. बेटावरच्या सान्तियागो शहराचे चढ गाडीवर बसून चढायचे. गाडी ढकलत चढायचे नव्हेत.

दारात एक बुटकी, साठी ओलांडलेली बाई मका सोलत बसली होती. चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली.

"मावशी, घरात कोणी आहे का? गाडी दाखवायची होती."

"आहे की. मी आहे."

"तसं नव्हे. विजेचं काम करणारे..."

बाईने मक्याचं कणीस खाली ठेवलं. "एकतीस वर्षं साखर कारखान्याच्या वीज खात्यात होते. कारखाना बंद झाला, मी नाही झाले. आण इकडे."

एदिल्बेर्तोचे कान तापले. त्याने गाडी आंब्याच्या सावलीत लावली.

गाडी त्याच्या बापाची, चव्वेचाळीस वर्षांची. मागे भाड्याची माणसं बसवून एदिल्बेर्तो त्यांना बाजारात, दवाखान्यात, बंदरावर सोडायचा. दोन महिन्यांपासून मात्र बॅटरी चार्ज होईना. घरी चार्जरला लावावी, तर वीज गेलेली. आली की सगळी गल्ली जागी, आणि एदिल्बेर्तो बॅटरी काखोटीला मारून प्लगकडे धावत सुटलेला. भरलेली बॅटरी अर्धा दिवस पुरायची, मग गाडी जिथे असेल तिथे बसकण मारायची. एका मेकॅनिकने बॅटरी बदलायला लावली. दुसऱ्याने रेग्युलेटर बदलला. तिसऱ्याने डायनामो काढला, त्यातली वीज बाहेर नेणारे झिजलेले कार्बन बदलले, परत बसवला आणि तरी काही होईना म्हणून सांगितलं, "हा मेलाय. गाडी मोडीत घाल." असला डायनामो आता अख्ख्या बेटावर शोधून सापडत नव्हता.

सेनाइदाने पाना हातात घेतला नाही. आधी विचारपूस केली. लाल दिवा कधी विझतो? विझतच नाही. पूर्वी विझायचा? हो, गाडी जरा पळवली की विझायचा. मग तिने आतून मीटर आणलं, सुईचं, लाकडी पेटीतलं. गाडी चालू करायला लावली; थोडं थांबल्यावर बॅटरीत तेवढा जीव आला होता. आधी बॅटरी मोजली, सहा व्होल्टच्याही खाली. इंजिन वाढवलं तरी सुई जागची हलली नाही. डायनामोच्या दोन्ही तारा सोडवून थेट त्याच्यावरच मीटर लावलं. सुई मेल्यासारखी पडून.

"बघा, मेलाच आहे," एदिल्बेर्तो म्हणाला.

"गप रे. मयताला आलायस का?"

तिने गाडी बंद करवली. कार्बन काढून बघितले. नवे कोरे होते. आत गुंडाळलेल्या तारेचं वाइंडिंग मोजलं, कुठे तुटलेलं नाही, कुठे जळलेलं नाही. तिने डायनामोला नाक लावून वाससुद्धा घेतला. मग त्याच्या कडेवरून अंगठा फिरवता फिरवता थांबली. तिथे तीन-चार खोलगट खुणा होत्या.

"हातोडी कोणी घातली?"

"तिसऱ्याने. निघत नव्हता म्हणून चांगलाच ठोकला."

"तेच म्हटलं. नवे कार्बन घालून जुनं दुखणं काढलं, ठोकून नवं लावलं. विसरलाय हा."

"काय विसरलाय?"

तिने हात पुसले. "आत लोखंड आहे ना, त्यात थोडंसं चुंबक उरलेलं असतं. गाडी बंद असली तरी, वर्षभर पडून राहिली तरी. इंजिन फिरलं की त्या थोडक्यातून थोडी वीज होते, त्या विजेने चुंबक वाढतं, वाढलेल्या चुंबकाने आणखी वीज. हातोडीच्या दणक्यांनी तेवढं मूळचंच गेलं, तर डायनामो नुसता फिरतो. सगळं धड असून काही येत नाही त्याला."

एदिल्बेर्तो त्या काळ्या, तेलकट गोळ्याकडे बघत राहिला. वीस वर्षं तो याच्यावर बसून हिंडत होता.

"मी एकोणीस वर्षांची होते," सेनाइदा म्हणाली. "कारखान्याचं मोठं जनित्र दुरुस्त करून बसवलं आणि दिवसभर फिरवलं, तरी काही नाही. इंजिनियर शिव्या घालत होते. म्हातारा तेओफिलो होता आमचा, त्याने ट्रकची बॅटरी आणवली. मला म्हणाला, पोरी, तू लाव. मी तार टेकवली, एवढीशी. आणि सगळ्या वस्तीत दिवे लागले. बाया घराबाहेर येऊन ओरडत होत्या. मी तिथेच खाली बसले."

तिने तारेचा एक तुकडा घेतला. एक टोक बॅटरीच्या धन बाजूला लावलं, दुसरं त्याच्या हातात दिलं. डायनामोचं टोक बोटाने दाखवलं.

"इथे टेकव आणि लगेच उचल. क्षणभर वीज गेली की लोखंडात चुंबक परत येतं. धरून ठेवलंस तर जाळशील."

एदिल्बेर्तो डायनामोवर वाकला. तार टेकवली. टिकलीएवढी निळी ठिणगी उडाली. बस्स. ना आवाज, ना हालचाल.

"झालं?"

"तारा जोडू आणि बघू."

इंजिन लागलं. लाल दिवा तसाच. त्याने मूठ पिळली, आणि दिवा फिकट झाला, थरथरला, विझला. परत बॅटरीवर लावलेल्या मीटरची सुई उठून सात व्होल्टच्या पुढे जाऊन उभी राहिली. त्याने मूठ सोडली, दिवा लागला, पिळली, विझला. सहा-सात वेळा त्याने तेच केलं. मग गाडी बंद करून हात डायनामोवर ठेवला. ज्याला आपण मोडीत घालणार होतो, त्याला आपल्याच हाताने आठवण करून दिली होती.

"मावशी, तुम्ही असे किती जागे केलेत?"

"कोण मोजतंय? पण सुई उठताना अजून पहिल्यांदाच बघितल्यासारखं वाटतं बघ." ती मीटर पेटीत ठेवत होती, आणि तिच्या तोंडावरचं हसू एकोणीस वर्षांच्या पोरीचं होतं.

"परत विसरला तर?"

"ठोकू देऊ नकोस कोणाला. आणि त्या तिसऱ्याला माझ्याकडे पाठव. कान उपटायचेत."

तिने कॉफी टाकली. त्याने उभ्याउभ्याच प्यायली आणि निघाला. भर दुपारी, लख्ख उन्हात त्याने गाडीचा पुढचा दिवा लावला. उतारावर डॉमिनो खेळत बसलेले ओरडले, "अरे ए, दिवा चालू राहिलाय!"

"माहितेय!" तो ओरडला, आणि दिवा तसाच ठेवून बंदरापर्यंत गेला.