माकोरानीला ओळखू न आलेलं झाड

माकोरानी एकदा लाकूड तासायचा वाकस घेऊन बसला की होडीला आकार येईस्तोवर जागचा हलायचा नाही. ताना नदीच्या आमच्या वळणावर असा माणूस दुसरा नव्हता. म्हणून त्या फेब्रुवारीत तो घर ते घाट, घाट ते घर असा फिरायला लागला, तेव्हा त्याची बायको सलोमे माझ्याकडे आली.

"मास्तर, बुयाच्या बाबांना काहीतरी झालंय. मासा तसाच ताटात टाकतात आणि उठतात. एका झाडापायी!"

झाड मला ठाऊक होतं. नैरोबीहून म्वेंदे नावाची बाई आली होती, पलीकडच्या रानातली झाडं मोजायला. त्या रानात पानं इतकी उंच की खालून दिसत नाहीत. माकोरानी कोयत्याने साल खरवडायचा, वास घ्यायचा, तुकडा चावून थुंकायचा आणि नाव सांगायचा. तीन आठवड्यांत चारशे झाडं झाली, एकदाही चुकला नाही. मग नदीने केव्हाच सोडलेल्या जुन्या पात्रात एक झाड लागलं. चौघांच्या कवेत मावणार नाही एवढं, सालीला बोटभर खोल भेगा. त्याने वास घेतला, चावलं, पुन्हा वास घेतला.

"उद्या सांगतो," म्हणाला. त्याला दोन दिवस झाले होते.

तिसऱ्या दिवशी सकाळीच तो माझ्या दारात. "चल पलीकडे."

"मला झाडातलं काय कळतंय?"

"तुला नाहीच कळत. नुसता सोबत चल."

झाडाशी गेल्यावर या वेळी त्याने साल सोडली आणि आतल्या लाकडाची वीतभर ढलपी काढली. मांडीवर धरून वाकस चालवला. पांढरट, हलकं लाकूड. तंतू एका बाजूला उभे राहिले. त्याचा हात थांबला.

"मास्तर, हे मी तीस वर्षं तासलंय."

"मग ओळखलं कसं नाहीस?"

"उभं कधी बघितलंय? वरच्या गावांतून ओंडके पाण्यातून यायचे, साल निघालेले. मी आडवंच बघितलं, मेलेलंच बघितलं."

ते ओंडके यायचे थांबून पंधरा वर्षं झाली होती. वरच्या गावांत तसली झाडं उरलीच नव्हती. तेव्हापासून आम्ही आंब्याच्या होड्या वल्हवत होतो, जड आणि लवकर कुजणाऱ्या.

वाटलं, आता हा शांत होईल. पण परतताना तो होडीत बसेना; उभा राहून मागे बघत होता.

"जिलोला कळलं तर? उद्याच पाडील," म्हणाला.

जिलो त्याचा भाचा आणि चेलाही. त्याची मासेमारीची होडी काठावर फुटून पडली होती. दोन महिने तो खोड शोधत हिंडत होता, घरात चार पोरं.

दुसऱ्या दिवशी घाटावर सगळ्यांसमोर म्वेंदेने वही उघडली. "बाबा, त्या झाडाचं नाव?"

माकोरानीने जिलोकडे पाहिलं नाही. "नाही ओळखू आलं."

घाटावर हशा पिकला. जिलो सगळ्यात मोठ्याने ओरडला, "मामा, आता केळी आणि मका ओळखता येतो का तेवढं बघा! मामीला विचारून सांगा हवं तर!"

माकोरानीही हसला. मला ते हसू बघवेना.

म्वेंदेने गलोलीने दोरी फेकून वरची एक डहाळी पाडली. कातरलेल्या कडांची पानं, सालीच्या भेगांत अडकलेली बियांची कापसासारखी लव. संध्याकाळी ती त्याच्या अंगणात आली आणि हळूच म्हणाली, "हा पॉप्लर आहे, आपल्या नद्यांच्या काठचा. याच्याच होड्या करायचे ना, बाबा?"

"वहीत काय लिहायचं ते लिही, पोरी. घाटावर वाचू नकोस."

तिने एक लांबलचक लॅटिन नाव लिहिलं. गावात कुणाला त्याचा पत्ता लागला नाही.

पण त्याचं फिरणं थांबलं नाही. शेवटी एके दिवशी त्याने जिलोला हाक मारली आणि घरामागचा आंबा दाखवला. सलोमेने माहेराहून कोय आणून लावलेला, त्या वर्षी मोहराने वाकलेला.

"हा पाड."

सलोमे आठ दिवस त्याच्याशी बोलली नाही. मला म्हणाली, "अख्ख्या रानात एक झाड मिळालं नाही यांना! माझंच दिसलं." मी मान खाली घातली.

मामा-भाच्यांनी महिनाभर होडी कोरली. जड झाली, जिलो पहिल्याच फेरीत कुरकुरला. तरी पाण्यात उतरली आणि त्याच्या घरी पुन्हा मासा शिजायला लागला.

पावसाळ्याच्या तोंडी माकोरानी माझ्याकडे आला. खुर्ची दिली तरी बसला नाही.

"मास्तर, मी पोराला फसवलं ना?"

"हो," मी म्हणालो. "फसवलंस."

त्याने मान हलवली, दोनदा. मग पायऱ्या उतरून घाटाकडे निघाला, पलीकडे त्या झाडाशी जायला होडी मिळते का बघायला.