मोठ्या तोंडाची लँडमास्टर

पेणजवळच्या जोह्यात घरोघर गणपतीचे कारखाने आहेत, पण डोळे आखायची वेळ आली की बोलावणं हिरामणलाच येतं. चाळीस वर्षं त्याने देवांना दृष्टी दिली आणि त्या चाळीस वर्षांत माणसांकडे एकदाही धड नजरेने बघितलं नाही. दुसऱ्याच्या कारखान्यातली मूर्ती बघून तो एवढंच म्हणायचा, "देवाला झोप येतेय तुमच्या." मग त्या कारखानदाराने चहा पुढे केला तर तो प्यायचा आणि चहालाही नावं ठेवायचा.

विसर्जन झालं की जोह्यातले कारागीर पाठ टेकतात. हिरामण मात्र पत्र्याचे तुकडे, शाडू आणि उरलेले रंग घेऊन ओटीवर बसायचा आणि जुन्या गाड्या करायचा. मॉरिस, फियाट, विलीज जीप. सगळ्या हातभर लांब. दारं उघडणाऱ्या, काचा वरखाली होणाऱ्या. त्या तो विकत नसे, कारण विकत घेणाऱ्याची लायकी आधी तपासायची आणि त्या परीक्षेत आजवर कुणी पास झालं नव्हतं. त्याची बायको सीताबाई त्यांच्यावरची धूळ पुसायची. तिला तेवढी परवानगी होती.

आपल्याच छंदाची माणसं तर त्याला डोळ्यांसमोर नको असायची. पेणच्या प्रणितकडे दोनशे छोट्या गाड्या होत्या, सगळ्या कुरियरने आलेल्या. त्यातल्या निम्म्या अजून खोक्यातच, कारण खोकं फोडलं की म्हणे गाडीची किंमत उतरते. "बायको घुंघटात ठेवून संसार करायचा प्रकार हाय," हिरामण म्हणायचा. आणि रोह्याचे हैबतराव! त्यांच्या शेडमध्ये चार खऱ्या जुन्या गाड्या होत्या. फेल्ट हॅट घालून, गळ्याला रुमाल बांधून ते वर्षातून दोनदा त्या बाहेर काढत. पाचपैकी तीन वेळा गाडीमागे धक्का मारायला माणसं लागत. हिरामणच्या मते हैबतरावांचा गाड्यांशी संबंध जावयाचा सासुरवाडीशी असतो तेवढाच होता. बसायचं, मिरवायचं आणि काम दुसऱ्याने करायचं.

पण त्या चारांत एक पंचावन्न सालची लँडमास्टर होती, आणि इथे हिरामणची गाडी अडायची. दहा वर्षांचा असताना हमरापूर फाट्यावर बंद पडलेली एका डॉक्टरांची लँडमास्टर त्याने चार पोरांबरोबर ढकलली होती. गाडी सुरू झाली आणि धूर सोडून निघून गेली. ढकलणाऱ्याला आत बसायला मिळत नाही, हे तेव्हा त्याला कळलं आणि पुढे जन्मभर तो ते विसरला नाही. त्याला एकदा त्या गाडीत, पुढच्या सीटवर बसायचं होतं. जगात इतर कशाचीही त्याला अशी हाव नव्हती.

यंदा हैबतरावांच्या मंडळाने डिसेंबरात पेणच्या एका मंगल कार्यालयात जुन्या गाड्यांचं आणि मॉडेलांचं प्रदर्शन ठेवलं. ज्याचं मॉडेल पहिलं येईल, त्याने हैबतरावांशेजारी लँडमास्टरमध्ये बसून धरमतरच्या पुलापर्यंत जाऊन यायचं, असं ठरलं. बातमी ऐकून हिरामण म्हणाला, "भिकारडं बक्षीस." आणि त्याच दिवशी शाडू भिजत घातला.

तीन महिने तो लँडमास्टरचं मॉडेल करत होता. समोर होता फक्त जुन्या कॅलेंडरमधून कापलेला एक फोटो. मंडळाचा सेक्रेटरी म्हणून प्रणित घरी आला आणि म्हणाला, "काका, कंपनीची मापं नेटवर मिळतात. काढून देऊ?" हिरामणने त्याला नखशिखांत न्याहाळलं. "माप डोळ्यात असतं बाबा. ज्याच्या डोळ्यात नसतं तो टेप घेऊन फिरतो." सीताबाईने प्रणितला चहा दिला आणि फाटकापर्यंत सोडून आली.

आता, जोह्यातल्या डोळ्याला एक सवय असते. देव बसतो उंच मखरात आणि बघणारा खाली सतरंजीवर. म्हणून मूर्तीचं तोंड अंगाच्या हिशेबापेक्षा थोडं मोठं ठेवायचं, नाहीतर खालून बघताना ते बारीक आणि चिरमुटलेलं दिसतं. हे कुणी शिकवत नाही, हात आपोआप तसा वळतो. हिरामणचा हात चाळीस वर्षं तसा वळत आलेला. गाडीचं तोंड, म्हणजे पुढची जाळी आणि दिवे, करतानाही तो तसाच वळला, आणि हिरामणला वाटलं, काय झकास उतरलीय!

प्रदर्शनाच्या दिवशी मॉडेलाभोवती गर्दी झाली, हे खरं. रंग तर असा चढवलेला की त्यात बघून भांग पाडावा. हिरामण हाताची घडी घालून बाजूला उभा होता आणि दुसऱ्यांची मॉडेलं बघून नाकाने हसत होता. मग मापं तपासायला प्रणित व्हर्नियरची पट्टी घेऊन आला. त्याने चाकं मोजली, दारं मोजली, टप मोजला, कागदावर लिहिलं. पुढून मोजताना तो थांबला. पुन्हा मोजलं.

"काका, मागचं सगळं बरोबर हाय. पुढचं तोंड सव्वापट झालंय."

"तुझी पट्टी बघ आधी."

वाद नको म्हणून मॉडेल उचलून अंगणात नेलं आणि खऱ्या लँडमास्टरसमोर खुर्चीवर ठेवलं. मग कुणाला काही मोजायची गरज उरली नाही. खरी गाडी साधीसुधी, ओठ मिटलेली. हिरामणची गाडी समोरून अशी थोराड, की आता आशीर्वादाला हात वर करते की काय! मागे कुणीतरी फिसकन हसलं. हिरामणने दोन्हीकडे बघितलं आणि चूक कुणाची ते त्याला लख्ख दिसलं. जन्मात पहिल्यांदा त्याला स्वतःच्या डोळ्याची शरम वाटली. पण तोंडातून निघालं ते भलतंच.

"माझी बरोबर हाय," तो हैबतरावांना म्हणाला, "तुमच्याच गाडीचं तोंड मेलेल्या बोंबलासारखं हाय."

पहिला नंबर कुणा दुसऱ्याच्या जीपच्या मॉडेलला गेला. तो जीपवाला माणूस मॉडेल ठेवून सकाळीच महाडला परत गेलेला, त्यामुळे लँडमास्टरची पुढची सीट रिकामी राहिली. हैबतराव हॅट सावरत आले. माणूस मिरवणारा होता, पण मनाचा कोता नव्हता. दार उघडून ते म्हणाले, "हिरामण, नंबर गेला तर गेला. काम एक नंबर हाय तुझं. चल, बस."

सीट समोर होती, तीन पावलांवर. हिरामणचे पाय हललेसुद्धा. पण भोवती माणसं बघत होती, आणि ज्याला आपण आयुष्यभर तुच्छ मानलं त्याच्या हातून काही घ्यायचं म्हणजे त्याला मरण.

"प्रसाद वाटायला गाडी आणलीत काय?" तो म्हणाला. "मला नको."

हैबतरावांचा चेहरा पडला. तेवढ्यात सीताबाई पुढे झाली. हातातली पिशवी तिने नवऱ्याच्या खांद्याला अडकवली.

"सकालपासून उभी हाय मी. तुमाला नाय बसायचं तर नका बसू. मी बसते."

"या, वहिनी," हैबतराव म्हणाले. गाडी पहिल्याच चावीला सुरू झाली. मेली, त्या दिवशी धक्कासुद्धा लागला नाही.

पाऊण तास हिरामण कार्यालयाच्या फाटकाशी उभा होता, हातात मॉडेल, खांद्याला बायकोची पिशवी. येणाऱ्या-जाणाऱ्यांपैकी एकाने कौतुकाने विचारलं, "कुठल्या मंडळाचं डेकोरेशन हाय?" हिरामणने त्याला जे सांगितलं ते लिहिण्यासारखं नाही.

परतीच्या एसटीत दोघं शेजारी बसली. मॉडेल त्याच्या मांडीवर. सीताबाईचे केस वाऱ्याने विस्कटलेले होते आणि ते तिने नीट केले नव्हते. शेवटी हिरामणला राहवेना.

"आतून कशी हाय गो?"

"आतून तिचं तोंड दिसत नाय," सीताबाई म्हणाली. "रस्ता दिसतो. पुलावरून खाडी दिसते. सीट मऊ हाय. माहेरच्या दोघी भेटल्या वाटेत, बघतच रायल्या." मग थोडं थांबून ती म्हणाली, "हैबतराव म्हनाले, हिरामणला घेऊन अजून एक फेरी मारू. पुन्हा विचारतो त्याला."

हिरामणने मान वळवली. "मग?"

"मी म्हनलं, नका विचारू. ते नाय यायचे. वर तुमालाच चार शब्द ऐकवतील."

हिरामणला बायकोचा राग आला, आणि ती खोटं बोलली नव्हती म्हणून जास्तच आला.

"बरं केलंस," तो म्हणाला, आणि जोहे येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिला.