पुनवेचं पाणी

"चंद्र पानी ओढून राह्यला, गुरुजी. तेच्यापुढं मानसाच्या हाती काई नाई."

हातातली वॉल्व्हची लोखंडी चावी आभाळाकडे उगारून तो हे अशा सुरात सांगायचा, की ऐकणाऱ्याने नकळत वर बघावं. वर चंद्र नसायचा. सकाळचे नऊ वाजलेले असायचे.

अनसिंगजवळच्या आमच्या गावात तो पंचायतीचं पाणी सोडायचा. त्याने वॉल्व्ह फिरवला की एकेका आळीच्या नळाला धार लागे. पुनव किंवा अमावस्या आली, की आमच्या वरच्या आळीची धार अर्ध्या तासातच आटायची. बायका भांडायला गेल्या की तो चंद्राचं नाव सांगे. वर शाळेतली पोरं घरी साक्ष देत, "हो माय, गुरुजींनंच शिकोलं."

गुरुजी म्हणजे मी. भूगोल शिकवतो. समुद्र मीही नकाशातच पाहिलेला. एकदा त्याने मला विचारलं होतं, "चंद्र समुद्राचं पानी ओढते. मंग आपल्या टाकीतलं?"

"ओढतो, पण मोजता येणार नाही इतकं."

"मंजे ओढते," म्हणाला आणि निघून गेला.

तुम्हीही पाहिलं असेल, शास्त्राचं नाव मोठ्याने घेतलं जातं तेव्हा मागे काहीतरी झाकलेलं असतं. मला सरपंचांच्या संत्राबागेचा संशय होता. एका अमावस्येला सकाळी मी त्याच्या मागे निघालो.

तो बागेकडे वळलाच नाही. गावाबाहेरच्या वस्तीवर गेला. तिथली तरणी माणसं ऊसतोडीला गेलेली, मागे म्हातारी उरलेली. त्याने बाभळीच्या फांद्या बाजूला सारल्या, खालचा जुना वॉल्व्ह फिरवला. सिमेंटच्या टाकीत पाणी पडू लागलं.

"काहून रे, इतका उशीर? आज चंद्र झोपला होता काय?" घागर घेऊन आलेली एक म्हातारी खेकसली.

"उठोला ना, आजे."

मग त्याला मी दिसलो. "गुरुजी," तो शांतपणे म्हणाला, "नळाच्या नकाशात हे वस्तीच नाई. नकाशे तं तुमी शिकवता."

बदल्यात इथून कोंबडी मिळत असेल, असं मला तेव्हाही वाटून गेलं. आला तो चहा, तोही बिनदुधाचा.

पुढे ग्रामसभेत तक्रार झालीच. "काढून टाका तेले!" आमच्या आळीतले ओरडले. सरपंचांनी मला उभं केलं. "गुरुजी, तुमी सांगा. चंद्र पानी ओढते का नाई?"

त्याची नोकरी आणि वस्तीचं पाणी, दोन्ही माझ्या उत्तरावर येऊन थांबलं होतं. तो मांडीवर चावी ठेवून खाली बघत होता.

"ओढतो," मी म्हणालो. "अमावस्येला आणि पौर्णिमेला सगळ्यात जास्त."

पुस्तकात तसंच आहे. टाकीतलं किती, हे कोणी विचारलं नाही.

आभार मानायची त्याला सवय नव्हती. पुढच्या पुनवेला त्याने आमच्या आळीचं पाणी आणखी दहा मिनिटं आधी तोडलं. "मोठी पुनव होती, गुरुजी," म्हणाला.

गेल्या हिवाळ्यात तो वारला. पंचायतीने त्याच्या जागी माणूस घेतला नाही, ठरल्या वेळी आपोआप उघडणारे-मिटणारे वॉल्व्ह बसवले. वस्तीला नळ द्या म्हणून मी दोन अर्ज केले, त्यांची पोच माझ्याकडे आहे. आमच्या आळीला पुनवेलाही आता पूर्ण तासभर पाणी येतं. वस्तीवरच्या टाकीत गोवऱ्या ठेवतात.