खारी बावलीच्या बिया आणि दादाची फाईल

दिल्लीच्या हिवाळ्यात दीड तास उशिरा आलेली गाडी वेळेवरच म्हणायची. निजामुद्दीनला उतरले तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजून गेले होते आणि धुक्यात समोरचा पूलही धड दिसत नव्हता. नागपूरहून मी एकटीच आले होते, पण लाल किल्ला बघायला नव्हे. माझ्या थोरल्या भावाने, दादाने, मधुमेहाच्या गोळ्या परस्पर बंद केल्या होत्या. चार महिने तो नुसत्या बियांवर होता: मेथी, कलौंजी, जांभळाच्या बियांची पूड. त्यातच बूट चावून अंगठ्याला झालेली जखम महिना झाला तरी भरत नव्हती. वहिनींनी फोनवर एवढं सांगितलं आणि मी तिकीट काढलं. आमच्या आईचा पाय अशाच एका जखमेपायी कापावा लागला होता. दादाचा मी जाऊ देणार नव्हते.

मेट्रोचं एकच स्टेशन. यमुना ओलांडली की मयूर विहार. दादा घ्यायला आला होता, मोज्यांवर चप्पल घालून. डावा पाय जपत चालत होता.

"जय भीम, दादा. पाय दाखव."

"आधी चहा तर पी, बेबी. उतरल्या उतरल्या इन्स्पेक्शन?"

साठीला टेकलेल्या बाईला बेबी म्हणणारा माणूस जगात आता एवढाच उरलाय. म्हणूनही मी आले होते.

घरी वहिनींनी माझ्यासाठी मुळ्याचे पराठे केले होते. दादाने वाटीभर भिजवलेली मेथी चावून खाल्ली, वर जांभळाची पूड कोमट पाण्यातून घेतली आणि तोंड वाकडं न करता मला त्याची फाईल दाखवली. केंद्र सरकारच्या नोकरीत पस्तीस वर्षं काढलेला माणूस, साखरेचीही फाईलच. दर सोमवारचं उपाशीपोटीचं रीडिंग, तारीख, सही आणि शेरा: 'संतोषजनक'. आकडे खरोखरच चांगले होते. मी दोनदा पानं उलटली. जखम मात्र या फाईलशी सहमत नव्हती. मोजा काढायला लावला तेव्हा अंगठ्याची कड काळपट झालेली दिसली.

दुसऱ्या दिवशी मंगळवार. दादाच्या बिया संपत आल्या होत्या, त्या आणायला तो खारी बावलीला निघाला. मी अडवलं नाही, उलट बरोबर गेले. तीस वर्षं शाळा चालवली आहे. वर्गात काय चाललंय ते बघायचं तर मागच्या बाकावर जाऊन बसावं लागतं. पायासाठी म्हणून त्याला मेट्रोत बसायची जागा मागून घेतली, त्यावर तो रागावला. चांदनी चौकात उतरून ई-रिक्षा केली.

खारी बावली म्हणजे दिल्लीचा मसाल्यांचा घाऊक बाजार. नाकाने आधी कळतो. मिरचीची पोती जिथे उतरत होती तिथे हमाल, गिऱ्हाईक, रिक्षावाले, सगळे एका सुरात शिंकत होते. मीही त्यात सूर मिसळला. दादाचा ठरलेला दुकानदार म्हणजे मफलर गुंडाळून बसलेले एक म्हातारे लाला. समोर उघड्या पोत्यांत बियांच्या राशी. कलौंजी काळीभोर, मेथी पिवळी, जामुन की गुठली (जांभळाची बी) वाळून सुरकुतलेली.

"लालाजी, इससे शुगर सचमुच उतरती है?" मी विचारलं.

"बहनजी, हम बीज बेचते हैं, शुगर नहीं नापते," ते मापात मेथी ओतत म्हणाले. मग दादाकडे बघून, "दवाई तो चल रही है ना, साहब?"

दादा कलौंजीच्या पोत्याकडे बघत राहिला. मला लालांचे पाय धरावेसे वाटले.

परत येताना गल्लीच्या तोंडाशी एक जण टोपलीत दौलत की चाट घेऊन बसला होता. नाव चाट असलं तरी प्रकार गोड: दुधाचा घुसळून काढलेला फेस, वर केशर, खवा आणि साखरेची पूड. हिवाळ्यातच मिळतो. मी एक द्रोण घेतला. तोंडात घालते न घालते तोच फेस विरघळला. इतकं हलकं काही मी आजवर खाल्लेलं नाही. दादाने मात्र दोन द्रोण संपवले आणि तिसऱ्याकडे बघू लागला.

"दादा?"

"अगं, हवा आहे ही नुसती."

"आणि वरची साखर?"

"आज मंगळवार आहे यार. रीडिंग सोमवारी."

संध्याकाळी वहिनींनी उरलेलं सांगून टाकलं. शुक्रवारपासून घरात दुधी आणि काकडी. रविवारी रात्री जेवण बंद. सोमवारी रीडिंग, आणि दुपारी छोले. दादा खोटारडा नाही. पण मोठे साहेब तपासणीला येणार म्हटलं की चार दिवस आधी ऑफिस चकाचक करायचं, हे त्याने पस्तीस वर्षं पाहिलं, आणि स्वतःही केलं. तपासणीची तयारी करायची असते, एवढंच त्याला ठाऊक होतं. मला हसू आलं आणि तेवढाच संताप आला.

"रक्ताची ती तीन महिन्यांच्या सरासरीची टेस्ट दे," मी म्हटलं. "तिच्यासाठी ऑफिस आवरता येत नाही."

"गरज काय? फाईल आहे ना."

"फाईल खरी असेल तर भितोस कशाला?"

तो उठून गॅलरीत गेला. मी मागोमाग गेले. तो जिथे जाईल तिथे जायचं असं मी ठरवलंच होतं. शेवटी म्हणाला, "ठीक है. पण तूही दे. ऑडिट एकट्याचं होत नसतं."

मी बिनदिक्कत हात पुढे केला. मी रोज चालते, चहात साखर घेत नाही.

सकाळी लॅबचा माणूस येऊन दोघांचं रक्त घेऊन गेला. रिपोर्ट हातात आले तसे न उघडताच आम्ही कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. दादाचा कागद बघून त्यांनी आधी अंगठा बघितला.

"अंगठा वाचेल?" मी हिंदीत विचारायचं विसरले, तरी त्यांना कळलं.

"रोज़ ड्रेसिंग, रोज़ दवाई, तो बचेगा. मेथी खाइए अंकल, मना नहीं है. बस दवाई की जगह नहीं, और जो चूर्ण लें, मुझे बताकर."

दादाने मान खाली घालून गोळ्यांची चिठ्ठी घेतली. आईच्या वेळी दवाखान्यात असाच बसला होता तो, तरुणपणी.

मग त्यांनी दुसरा कागद उचलला. "और यह किसकी है?"

"मेरी."

"आंटी, आपकी दवाई भी आज से."

दादाने माझीही चिठ्ठी घेऊन आपल्या चिठ्ठीवर ठेवली.

आणखी दोन दिवस राहिले. रोज ड्रेसिंगला त्याच्याबरोबर गेले. अंगठ्याचा काळेपणा पसरत नाही हे बाईंकडून दोनदा वदवून घेतलं. माझी गोळी वहिनी समोर उभं राहून देत होत्या, म्हणून घेत होते. शनिवारी दुपारी परतीच्या गाडीत बसले.

मथुरा गेल्यावर जेवण आलं. गोळी जेवणासोबत घ्यायची होती. पाकीट हातात घेतलं आणि मनात आलं, एवढी घाई कशाला? एक महिना बियांवर काढून बघू. एकदा गोळी लागली की जन्माची. समोरची बाई विचारेल, कसली गोळी, आणि मग सांगावं लागेल. शाळेतल्या मैत्रिणींना कळेल. आईचं नाव निघेल. दादाने चार महिने काय केलं असेल ते मला तिथे कळलं. हट्ट नव्हता तो. तो घाबरला होता, आणि मी त्याला फाईलवरून टोमणे मारून आले होते.

गोळी गिळली. मग त्याला फोन लावला.

"दादा, मी घेतली. तू?"

"जेवायला बसतोय," तो म्हणाला. "थांब, फोन ठेवू नकोस. घेतो."